कॉम्प्युटर आत घेईना? आधी ताळा जुळवून बघा



घरातला कॉम्प्युटर पासवर्ड घेईना झाला की बहुतेक घरांत एकच वाक्य ऐकू येतं, "फॉरमॅट मारावा लागेल." दुरुस्तीवाला म्हणतो, मुलगा फोनवरून म्हणतो, आणि आपण मान डोलावतो. माझं मत याच्या अगदी उलट आहे. मी बी.कॉम. झालेली बाई. रोजमेळाचा ताळा जुळला नाही म्हणून कोणी वही फाडून टाकत नाही, आकडा कुठे अडकलाय ते शोधतो. लॉगिनचंही तसंच आहे. आणि हा शोध बराचसा आपल्याला घरबसल्या घेता येतो.

आम्हा मांडव्याच्या लोकांना याची गरज जरा जास्तच. दुरुस्तीला न्यायचं तर अलिबाग, वीसेक किलोमीटर. नाहीतर समुद्रापलीकडची मुंबई. २०२० साली रो-रो सुरू झाली म्हणून गाडीत सीपीयू घालून नेता तरी येतो. पण प्रश्न नेण्या-आणण्याचा नाही, त्या डब्यात काय आहे याचा आहे. सातबाऱ्याची प्रत, घरपट्टीच्या पावत्या, घरखर्चाचा हिशेब, नातवंडांचे फोटो, पाठशाळेतल्या मुलांसाठी टाइप करून ठेवलेले पाठ. फॉरमॅट म्हणजे हे सगळं पुसून कोरी पाटी. दुकानदाराला मी दोष देत नाही. फॉरमॅट हे त्याच्यासाठी खात्रीचं आणि झटपट होणारं काम. आपले फोटो त्याच्या हिशेबात कुठेच नसतात, ते आपल्याच हिशेबात असतात.

तर ताळा जुळवायला कुठून सुरुवात करायची? कीबोर्डपासून. कॅप्स लॉक चालू आहे का? पासवर्डमध्ये आकडे असतील तर नम लॉक बंद आहे का? आणि आपल्यासारख्या मराठी टाइप करणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं: पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात भाषा कोणती दिसतेय? तिथे मराठी असेल तर आपण दाबतो इंग्रजी अक्षर आणि उमटतं देवनागरी. पडद्यावर नुसते ठिपके दिसत असल्याने कळत नाही. विंडोजचं बटण धरून स्पेस दाबलं की भाषा बदलते. पासवर्डच्या चौकटीतल्या डोळ्याच्या चिन्हावर दाबलं तर आपण काय टाइप केलंय ते दिसतं.

दुसरं, पिन आणि पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिन फक्त त्या एका मशीनचा. पासवर्ड आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याचा, कुठूनही चालणारा. कोणी फोनवरून खात्याचा पासवर्ड बदलला आणि घरातलं इंटरनेट बंद असेल, तर कॉम्प्युटरला ती बातमी पोचलेलीच नसते. तो जुनाच पासवर्ड मागत राहतो. पावसात नेट जाणं आम्हाला नवं नाही. अशा वेळी लॉगिनच्या पडद्यावरच वाय-फायचं चिन्ह असतं, तिथून मोबाइलचं हॉटस्पॉट जोडावं.

तिसरं, तारीख. जुन्या मशीनमधली रुपयाच्या नाण्यासारखी गोल बॅटरी संपली की घड्याळ कितीतरी वर्षं मागे जातं. मग ऑनलाइन ओळख पटवण्यात अडथळे येतात. ती बॅटरी बदलणं हे अगदी किरकोळ काम आहे.

चौथी गोष्ट घाबरवणारी, पण बहुतेक वेळा तितकी वाईट नसते. पासवर्ड बरोबर असतो, आतही जाता येतं, पण पडदा रिकामा. ना फाइल, ना फोटो. कोपऱ्यात संदेश येतो की तुम्ही तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये आहात. काम चालू असताना वीज गेली की असं होऊ शकतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा गावंच्या गावं कितीतरी दिवस अंधारात होती, आणि एरवीही आपल्याकडे वीज सांगून जात नाही. हा रिकामा पडदा दिसला तर तिथे नवीन काहीही साठवू नका, बाहेर पडताच ते नाहीसं होतं. आधी कॉम्प्युटर एक-दोनदा बंद करून सुरू करा. तरी तसंच राहिलं तर सी ड्राइव्हमधलं युजर्स नावाचं फोल्डर उघडा. आपल्या नावाच्या फोल्डरमध्ये वस्तू बहुधा जागच्या जागी असतात. नवीन खातं उघडून त्या तिकडे कॉपी करून घेता येतात. दार अडकलं म्हणून घरातलं सामान जळत नाही.

पाचवी गोष्ट मात्र खरंच गंभीर. नव्या मशीनवर कधीकधी निळा पडदा येतो आणि ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतो. याला बिटलॉकर म्हणतात. ही किल्ली नसेल तर कुठलाही दुरुस्तीवाला आतली माहिती काढू शकत नाही. ती साधारणपणे त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते, ज्या खात्यावरून मशीन पहिल्यांदा सुरू केलं. दुसऱ्या फोनवरून ते खातं उघडलं की मिळते.

आणि इथेच माझा खरा मुद्दा येतो. ते खातं कोणाचं आहे?

बहुतेक घरांत ते मुलाच्या किंवा यजमानांच्या ईमेलवर असतं, ओटीपी त्यांच्या मोबाइलवर जातो. मुलगा पुण्याला मीटिंगमध्ये, आई इकडे पडद्यासमोर ताटकळत. हे एक वेळ चालेल. पण यजमान गेल्यानंतर ज्या बायका मागे राहतात, त्यांचा विचार करा. दुःखात कोणी रिचार्ज करत नाही, नंबर बंद पडतो. बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, हे ट्रायने सुप्रीम कोर्टात सांगितलेलं आहे. म्हणजे आपल्या घराच्या किल्लीचा ओटीपी परक्या माणसाच्या फोनवर. आयुष्यभर ज्या घराचे हिशेब सांभाळले, त्याच हिशेबाबाहेर आपण उभ्या.

मुलं म्हणतील, "आई, तू कशाला डोकं घालतेस, आम्ही आहोत ना." त्यांच्या प्रेमाबद्दल शंका नाही. पण तिजोरीची एक किल्ली आपल्या कमरेला असते ती काही मुलांवर अविश्वास म्हणून नव्हे. पासवर्ड ही कल्पनाच मुळी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटीत आली, कारण एकच मोठं मशीन अनेक जण वापरत होते आणि प्रत्येकाचे कागद वेगळे ठेवायचे होते. आपलं घर तसंच नाही का?

म्हणून माझं सांगणं असं. घरातल्या प्रत्येकाचं खातं वेगळं ठेवा. त्याशिवाय एक जास्तीचं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं उघडा, म्हणजे एक बिघडलं तर दुसऱ्यातून आत जाता येईल. ओटीपीसाठी आपला नंबरही जोडा. पासवर्ड आणि ती ४८ आकड्यांची किल्ली वहीत लिहा आणि वही कपाटात ठेवा. कागदावर लिहू नये असं लोक म्हणतात, पण कपाटातली वही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या पासवर्डपेक्षा कितीतरी सुरक्षित. फोटो आणि कागदपत्रांची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर असूच द्या.

आणि अडलात तर गूगलवर सापडलेल्या हेल्पलाइनला फोन लावू नका. पडद्यावरच फोन नंबर देऊन "लगेच कॉल करा" असं सांगणारी सूचना मायक्रोसॉफ्टची नसते, भामट्यांची असते. पैसे गेलेच तर १९३० या सरकारी क्रमांकावर ताबडतोब कळवा.

दिवाळीत आपण वहीपूजन करतो. या वर्षी नवी वही मांडायच्या आधी घरच्या कॉम्प्युटरची ही वही पूर्ण आहे का, प्रत्येक पासवर्ड चालतो का, ते एकदा तपासा. हिशेबनीस बाईच्या घरात वर्षाअखेरीस एवढी पडताळणी व्हायलाच हवी.