टनेल म्हणजे कुलूप नव्हे

‘टनेल’ म्हटलं की मुलं लगेच म्हणतात, “म्हणजे माहिती सुरक्षित!” हा गैरसमज आपणच दूर करायला हवा.

१९९० च्या दशकात अनेक ऑफिसांत नॉव्हेलचं नेटवेअर चालायचं. त्याची भाषा आयपीएक्स, इंटरनेटची आयपी. मग दोन गावांतल्या शाखा इंटरनेटवरून जोडायच्या कशा? आयपीएक्सचं अख्खं पाकीट आयपीच्या पाकिटात घालायचं, वर पलीकडच्या शाखेचा पत्ता लिहायचा. तिथे पोचलं की बाहेरचं पाकीट काढून टाकायचं. १९९१ च्या आरएफसी १२३४ मध्ये हीच पद्धत दिली आहे.

पण या पाकिटाला कुलूप नसतं! वाटेत कुणी डोकावलं तर आतला मजकूर वाचता येतो. १९९४ ची जीआरई पद्धतसुद्धा नुसती गुंडाळते. गुप्तता हवी तर आयपीसेकसारखं एन्क्रिप्शन वेगळं जोडावं लागतं. आणि तेही टनेलच्या दुसऱ्या तोंडापर्यंतच.

म्हणून वर्गात एका लिफाफ्यात दुसरा घालून दाखवा आणि विचारा: पाकीट पोचलं, पण वाटेत कुणी वाचलं का? शेवटी उघडलं कुणी? फुकटचं व्हीपीएन ॲप मोबाइलवर घेणाऱ्या मुलाला हे प्रश्न पडायलाच हवेत.