चाकांवरचे स्वयंपाकघर: किटलीआधी वीज तपासा

सुट्ट्यांमध्ये कॅराव्हॅन, म्हणजे झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी भाड्याने घेऊन कोकणात किंवा गोव्याकडे जाणारी कुटुंबे आता दिसू लागली आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. काही हौशी मंडळी तर टेम्पो ट्रॅव्हलरमध्येच इन्व्हर्टर आणि बॅटरी बसवून स्वतःचे फिरते घर तयार करून घेतात. अशा प्रवासाच्या यादीत कपड्यांच्या आधी विजेची किटली, राइस कुकर आणि इंडक्शन शेगडी लिहिलेली असते.

आरोग्याच्या दृष्टीने ही यादी चांगलीच आहे. इन्सुलिन घेणाऱ्या आजोबांना वेळेवर जेवण लागते आणि हॉटेल कधी सापडेल याचा भरवसा नसतो. वर्षाच्या बाळाला मऊ भात हवा असतो. रक्तदाब असलेल्यांना कमी मिठाचे जेवण बाहेर सहसा मिळत नाही. प्रवासातून परतल्यावर होणारी कावीळ, विषमज्वर किंवा जुलाब यांचे मूळ बरेचदा दूषित पाण्यात असते आणि पाणी उकळून घेणे हा त्यावरचा साधा, खात्रीचा उपाय आहे. त्यामुळे प्रवासात स्वयंपाक करू नका, असे सांगण्याचे काहीच कारण नाही.

अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. गॅस धोक्याचा आणि वीज सुरक्षित, अशी बहुतेकांची समजूत असते. घरापुरती ती बरीचशी खरीही आहे, कारण घराचे अर्थिंग, जाड तारा आणि योग्य बोर्ड यांची व्यवस्था कोणीतरी आधीच करून ठेवलेली असते. गाडीत मात्र रोज रात्री वीज नव्या ठिकाणाहून येते. कधी बॅटरीतून, कधी एखाद्या घरगुती निवासाच्या पडवीतून, तर कधी जनरेटरमधून. किटली तीच असली तरी तिच्यामागची वीज बदलते आणि धोकाही तिच्याबरोबर बदलतो. म्हणून उपकरण कोणत्या कंपनीचे, यापेक्षा आज वीज कुठून येते आहे, हा प्रश्न पहिला असायला हवा.

आधी हिशेब

विजेची किटली साधारण १५०० वॉटची असते, इंडक्शन शेगडी २००० वॉटपर्यंत जाते आणि लहान राइस कुकर ५०० ते ७०० वॉटमध्ये भागतो. घरातल्या २३० व्होल्टवर किटलीला साडेसहा अँपिअर वीज लागते. इंडक्शन शेगडी पूर्ण क्षमतेने चालली तर तिला पावणेनऊ अँपिअर लागतात. मोबाइल चार्जिंगसाठी वापरतो तो छोटा सॉकेट ६ अँपिअरचा असतो. स्वयंपाकाच्या उपकरणाला १६ अँपिअरचा मोठा सॉकेटच हवा. छोट्या सॉकेटवर अडॅप्टर लावून शेगडी चालते खरी, पण सॉकेटच्या आत प्लास्टिक हळूहळू तापत आणि वितळत जाते. एक्स्टेंशनची बारीक वायर गुंडाळी न सोडता वापरली, तर उष्णता बाहेर पडायला जागाच मिळत नाही आणि वायर आतून शिजते. बोर्डाला हात लावल्यावर चटका बसणे किंवा जळका वास येणे, ही उपकरण तत्काळ बंद करण्याची खूण आहे.

बॅटरीचा हिशेब याहून कडक आहे. हीच किटली १२ व्होल्टच्या बॅटरीवरून इन्व्हर्टरद्वारे चालवली, तर बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या तारेतून सव्वाशे अँपिअरहून अधिक वीज वाहते. तारेत निर्माण होणारी उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. याचा अर्थ, प्रवाह एकोणीस पट झाला तर त्याच तारेत उष्णता साडेतीनशे पटींहून अधिक होते. म्हणून ही तार जाड आणि आखूड हवी, फ्यूज बॅटरीजवळ हवा आणि हे काम जाणकाराकडूनच करून घ्यायला हवे. गॅरेजमध्ये हाताला लागेल ती वायर जोडून घेणे म्हणजे बिछान्याखाली आग पेरून ठेवणे आहे.

शिवाय बॅटरीत वीज असते तरी किती? १०० अँपिअर-अवरच्या साध्या लेड-ॲसिड बॅटरीत सुमारे १२०० वॉट-अवर ऊर्जा असते आणि बॅटरी टिकवायची असेल तर त्यातली निम्मीच वापरायची असते. एक लिटर पाणी उकळायला साधारण १०० वॉट-अवर पुरतात. म्हणजे चहा, बाळाचे पाणी, पेज या गोष्टी आरामात होतात. पण चार माणसांचा वरण-भात, भाजी इंडक्शनवर करायला चाळीस मिनिटे लागली, तर जवळपास एक युनिट, म्हणजे १००० वॉट-अवर खर्ची पडतात. तेवढे बॅटरीला झेपत नाही. मग जनरेटर काढला जातो आणि खरा धोका तिथून सुरू होतो. त्याकडे येण्याआधी ओल्या जमिनीचा विषय पाहायला हवा.

ओली जमीन, उघडा पाय

गाडी रबरी चाकांवर उभी असते. बाहेरून आणलेल्या विजेला अर्थिंग नसेल आणि आतल्या एखाद्या जुन्या किटलीतून वीज पत्र्यात उतरत असेल, तर ती जमिनीत जाऊ शकत नाही. गाडीचा पूर्ण पत्रा जिवंत होतो. आत बसलेल्यांना काहीच जाणवत नाही. पाऊस पडून गेलेल्या मातीत अनवाणी उभे राहून जो बाहेरून दाराची मूठ धरतो, त्याच्या शरीरातून मात्र विजेला वाट मिळते. टू-पिन अडॅप्टर वापरून तिसरी पिन टाळणे म्हणजे नेमका हाच अपघात ओढवून घेणे.

कोरड्या त्वचेचा विजेला बराच विरोध असतो, पण त्वचा ओली झाली की तो झपाट्याने घटतो. १० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाहाने हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ५० ते १०० मिलिअँपिअर प्रवाह छातीतून गेला, तर हृदयाचे ठोके विस्कळीत होऊन ते थांबू शकते. बोर्डावरचा नेहमीचा एमसीबी १६ अँपिअरचा, म्हणजे १६,००० मिलिअँपिअरचा असतो. तो तारेला वाचवतो, माणसाला नाही. माणसाला वाचवतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. वीज भलत्या वाटेने जाऊ लागली की तो सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडतो. त्यावर चाचणीचे एक बटण असते आणि प्रत्येक सहलीआधी ते दाबून पाहायला हवे. इन्व्हर्टर आणि जनरेटरच्या जोडणीत आरसीसीबी नीट काम करतो ना, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही आरसीसीबीने टळत नाही, ती म्हणजे उकळते पाणी. घाटात गाडी चालू असताना किटली लावणे, कुकर उघडणे किंवा मांडीवर कप घेऊन त्यात ओतणे पूर्ण टाळावे. मुलांची त्वचा पातळ असल्याने तेवढ्याच पाण्याने त्यांना अधिक खोल भाजते. स्वयंपाक गाडी सपाट जागी उभी करून, हँडब्रेक लावूनच करावा. हृदयात पेसमेकर बसवलेल्यांनी चालू इंडक्शन शेगडीपासून सुमारे दोन फूट दूर राहावे, असा सल्ला दिला जातो. गाडीतल्या चिंचोळ्या ओट्याशी उभे राहून हे जमत नाही, तेव्हा ते काम दुसऱ्याने करावे.

गाडी लागली की विष भिनले?

डिसेंबर २०२४ मध्ये केरळच्या कोळिकोड जिल्ह्यात वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मृतावस्थेत सापडली. तज्ज्ञांनी त्याच गाडीत चाचणी घेतली, तेव्हा जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड वायू आत शिरल्याचे आढळले. तिथे जनरेटर वातानुकूलन यंत्रासाठी सुरू होता, स्वयंपाकासाठी नव्हे. पण जनरेटर कशासाठी लावला आहे याच्याशी वायूला देणेघेणे नसते.

या वायूला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. श्वास चालू राहतो, धाप लागत नाही, पण मेंदू आणि हृदय उपाशी राहतात. पहिली लक्षणे म्हणजे डोके दुखणे, मळमळ, गरगरणे आणि गुंगी. दिवसभर घाटातून आलेल्या कुटुंबात अशी लक्षणे दिसली की घरातले म्हणतात, ‘गाडी लागली असेल, झोप थोडा वेळ.’ नाहीतर दुपारच्या जेवणाला दोष दिला जातो. आणि झोपलेल्या माणसाला पुढची लक्षणे कळतच नाहीत.

यातून वाचायचे असेल तर फरक ओळखता आला पाहिजे. गाडी लागते ती गाडी चालू असताना, आणि थांबल्यावर बरे वाटते. गाडी उभी असताना एकाच वेळी दोघा-तिघांचे डोके दुखू लागले, ताप नाही आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर थोडे हलके वाटते, तर कार्बन मोनॉक्साइडचाच संशय घ्यावा. सगळ्यांनी ताबडतोब बाहेर पडावे, जनरेटर बंद करावा आणि दवाखाना गाठावा. तिथे गेल्यावर ‘जनरेटर चालू होता’ हे वाक्य सर्वांत आधी सांगावे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. वायूने व्यापलेले हिमोग्लोबिनही त्याला प्राणवायूने भरलेलेच वाटते आणि आकडा ९८ दाखवतो. तो पाहून निश्चिंत होणे जिवावर बेतू शकते. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायू दिल्यास सुमारे दीड तास. गर्भवती, लहान मुले आणि हृदयरुग्ण यांच्याबाबतीत तर थोडाही उशीर नको.

प्रतिबंधाचे नियम थोडेच आहेत. वेगळा जनरेटर गाडीपासून किमान २० फूट लांब, धुराचे तोंड गाडीच्या उलट दिशेला करून ठेवावा. गाडीत बसवलेला असेल तर आत कोणी झोपलेले असताना तो चालवू नये. खिडकी उघडी ठेवणे हा उपाय नव्हे, उलट कधी कधी धूर तिथूनच आत येतो. थंडीत निखाऱ्यांची शेगडी उबेसाठी आत घेऊ नये, तिच्यातूनही हाच वायू निघतो. आणि झोपण्याच्या जागी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच, कारण हा वायू ओळखणारे इंद्रिय माणसाला नाही.

प्रसंग आलाच तर

शॉक बसलेल्याला हात लावण्याआधी वीज बंद करावी. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला दूर करावे. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यावा आणि दुसऱ्याने १०८ला फोन लावावा. शॉक बसून माणूस लगेच उठून बसला तरी डॉक्टरांकडून हृदयाचा आलेख काढून घ्यावा. भाजल्यावर बांगड्या, अंगठ्या काढून तो भाग वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांतले काहीही लावू नये. विजेच्या आगीवर पाणी ओतू नये. दाराजवळ पावडरचे अग्निशामक ठेवावे आणि ते कसे चालते हे घरातल्या दोघांना तरी ठाऊक असावे.

हे सगळे प्रवाशाने लक्षात ठेवावे, हे खरे. पण गाडी भाड्याने घेणारा माणूस तिचे वायरिंग उकलून पाहू शकत नाही. तो पलंग, पडदे, फ्रिज पाहतो आणि पैसे भरतो. म्हणून आरसीसीबी, योग्य अर्थिंग आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म या तीन गोष्टींशिवाय कोणतीही कॅराव्हॅन भाड्याने देऊ नये, अशी सक्ती शासनाने करायला हवी. लाखोंच्या गाडीत काही हजारांचा हा खर्च जड नाही. पर्यटकांना जिथे गाड्या उभ्या करायला सांगितले जाते, तिथे अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा जोड मिळाला तर जनरेटरची गरजच बरीच कमी होईल. ‘इतकी वर्षे फिरतोय, काही झालं नाही’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही, कारण शॉक आणि हा वायू दोन्ही पूर्वसूचना देत नाहीत.

तोपर्यंत गाडी ताब्यात घेताना मालकाला तीन प्रश्न विचारावेत. आरसीसीबी कुठे आहे? वायूचा अलार्म कुठे आहे? जनरेटरचा धूर कुठून बाहेर पडतो? उत्तरे दाखवता आली तर किटली, कुकर खुशाल सोबत न्यावेत. दाखवता आली नाहीत, तर ती गाडी परत करावी आणि दुसरी पाहावी.