यंत्र नव्हे, हात पाहा

प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर यंत्रमानवी शस्त्रक्रिया मुंबईच्या टाटा रुग्णालयात २०१४ पासून होते. ती कोणत्या वाटेने करावी, हा पेच आता रत्नागिरीच्या रोग्यापुढेही येतो. मूत्राशयाच्या पुढून जाणारी वाट रुळलेली. मागून जाणारी मिलानच्या शल्यवैद्यांनी २०१० साली मांडली. हिने लघवीवरील ताबा लवकर परततो. मात्र वर्षभरात हे अंतर बहुतांशी मिटते. ब्रिस्बेन येथे यंत्रमानवी व उघड्या शस्त्रक्रियेची तुलना झाली. २०१६ व २०१८ साली प्रसिद्ध झालेला तिचा निष्कर्ष असा की, यंत्राने रक्तस्राव कमी होतो, रोगी घरी लवकर जातो. परंतु लघवीवरील ताबा व कामशक्ती यांत लक्षणीय फरक पडत नाही.

यंत्रमानव आपण होऊन काही कापीत नाही. त्याला चालविणारे हात शल्यवैद्याचेच. म्हणून केवळ यंत्राच्या मोहापायी कोणी आंब्याची बाग गहाण टाकू नये. अशा किती शस्त्रक्रिया आपण केल्या, हे शल्यवैद्यास निःसंकोच विचारावे. आणि मुंबईहून परतलेल्या रोग्यास ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम शिकविणारा जाणकार येथल्या जिल्हा रुग्णालयातच लाभावा, ही व्यवस्था शासनाने करावी. शस्त्रक्रिया काही तासांची. सावरणे महिनोन् महिन्यांचे, आणि ते घरीच व्हावयाचे असते.