जंगलातली व्हायोलिनं

बोलिव्हिया म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतात ते अँडीज पर्वत, गोल टोप्या घातलेल्या बायका आणि लामा नावाचे लांब मानेचे प्राणी. पण याच देशाच्या पूर्वेला सखल, उष्ण प्रदेश आहे. लाल माती, दाट झाडी, दुपारी रणरणते ऊन. सांता क्रूझ शहरापासून काही तासांच्या प्रवासानंतर चिकितोसची गावे लागतात. सान हाविएर, कन्सेप्सियोन, सान राफाएल, सांता आना. प्रत्येक गावाच्या मधोमध मोठा चौक आणि चौकाच्या कडेला लाकडी खांबांचे भव्य चर्च. संध्याकाळी उन्हे कलली की या गावांत हमखास ऐकू येतो तो व्हायोलिनचा सूर. तोही तीनशे वर्षांपूर्वीच्या युरोपीय संगीताचा!

हे संगीत इथे आले कसे? 1691 साली जेझुइट पाद्र्यांनी सान हाविएरला पहिली वसाहत स्थापन केली. पुढे 1730 च्या सुमारास मार्टिन श्मिड नावाचा स्विस पाद्री इथे आला. धर्मप्रसारक तर तो होताच, शिवाय वास्तुकार, सुतार आणि संगीतकारही होता. अख्ख्या झाडांचे बुंधे कोरून त्याने चर्चचे पिळदार खांब उभे केले, कच्च्या विटांच्या भिंती रचल्या. स्थानिक चिकितानो लोकांना व्हायोलिन वाजवायला आणि तयार करायलाही शिकवले. या कहाणीला दुसरी बाजूही आहे. वसाहतींबरोबर परक्यांचे रोग आले, जुने देव आणि जुनी राहणी मागे पडली. हे विसरून नुसते कौतुक करणे बरे नव्हे.

1767 साली स्पेनच्या राजाने जेझुइटांना आपल्या साम्राज्यातून हाकलून दिले. सत्तरी ओलांडलेल्या श्मिडलाही निघावे लागले. 1772 साली तो स्वित्झर्लंडमध्ये वारला. शिकवणारे गेले, म्हणजे सगळे संपले, असेच कुणालाही वाटले असते. पण तसे घडले नाही. गावातले वादक वाजवत राहिले. कागद जीर्ण झाले की हाताने नवी नक्कल उतरवून ठेवत राहिले. पुढे रबराच्या धंद्याची तेजी आली आणि इथल्या माणसांना वेठबिगारीसारखे राबवले गेले. त्या दिवसांतही स्वरलिपीची बाडे चर्चच्या पेट्यांमधून जपली गेली.

1972 साली हान्स रोथ हा स्विस वास्तुविशारद सान राफाएलचे मोडकळीला आलेले चर्च दुरुस्त करायला आला. काही महिन्यांचे काम होते, पण तो 1999 मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षे, या कामात राहिला. बाहेरून तयार कारागीर आणण्याऐवजी त्याने गावातल्या मुलांच्या हाती पटाशी आणि रंधा दिला. कन्सेप्सियोनच्या कार्यशाळांमध्ये सुतार, कोरीवकाम करणारे, मूर्ती रंगवणारे तयार झाले. याच काळात ती जुनी बाडेही उजेडात आली. पाच हजारांहून अधिक पाने! त्यांत इटालियन संगीतकार दोमेनिको झिपोली याच्या रचनाही होत्या. पिओत्र नाव्रोत या पोलिश पाद्र्याने अशी बाडे अभ्यासून, लिहून काढून प्रसिद्ध केली. 1990 साली युनेस्कोने इथल्या सहा गावांना जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि 1996 पासून दर दोन वर्षांनी इथे संगीत महोत्सव भरू लागला.

जवळच्या उरुबिचा गावाची गोष्ट याहून वेगळी. हे ग्वारायो लोकांचे गाव. बायका मागावर सुती झोपाळे विणतात. घराघरांत असा एक झोपाळा टांगलेला असतो आणि दुपारची झोप त्यातच होते. 1996 साली इथे संगीतशाळा सुरू झाली. शेतकऱ्यांची, विणकरांची मुले व्हायोलिन, चेलो वाजवू लागली. त्यांचा वाद्यवृंद युरोपचा दौराही करून आला. बाहेरून वाद्ये मागवणे परवडणारे नव्हते, तेव्हा गावातले कारागीर मॅहोगनी आणि सीडरच्या लाकडातून ती घडवू लागले.

मुलांची न्याहारी आपल्याला अगदीच परकी वाटणार नाही. ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा होतो, त्याच कंदाच्या पिठात चीज मळून केलेले भाजके गोळे इथे आवडीने खातात. त्याला म्हणतात कुन्यापे. व्हायोलिनचेही तसेच. गोव्यात चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकलेली मुले मुंबईत आली आणि त्यांनी हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद गाजवले, हे आपण जाणतोच.

बोलिव्हियात मिशनच्या कामासाठी आजही युरोपातून तरुण स्वयंसेवक येतात. बहुतेकांचा मुक्काम वर्षभराचा. कुणी शाळेत शिकवतो, कुणी वसतिगृहात मदत करतो. पहिले काही महिने तर भाषा शिकण्यात आणि उकाड्याशी जमवून घेण्यातच जातात. कामात जरा हात बसला की परतीची वेळ येते. मुलांना लळा लागलेला असतो. मग पुढच्या वर्षी नवा चेहरा, पुन्हा पहिल्यापासून ओळख. अशा मदतीचा उपयोग किती, हा प्रश्न रास्तच आहे.

त्याचे उत्तर या गावांच्या इतिहासातच सापडते. श्मिडला बळजबरीने जावे लागले, रोथला मृत्यूने नेले. तरी काम थांबले नाही, कारण दोघांनीही विद्या गावातल्या हातांत दिली होती. पाहुण्याने येऊन सगळे स्वतःच केले असते, तर त्याच्या पाठोपाठ तेही गेले असते. म्हणून स्वयंसेवक किती दिवस राहिला याला फारसे महत्त्व नाही. तो गेल्यावर ते काम कोण करणार, हे आधी ठरलेले असावे लागते.

अडचणी आहेतच. शिकलेली मुले कामधंद्यासाठी सांता क्रूझला जातात. 2019 आणि 2024 साली चिकितानियाच्या जंगलांत प्रचंड वणवे लागले. व्हायोलिनजोगे लाकूड देणारे झाड वाढायला कित्येक दशके लागतात आणि जळायला एक दिवस पुरतो. जंगल राखणे हाही आता संगीताच्या शिक्षणाचाच भाग झाला आहे.

आपल्याकडेही गावोगावी भजनी मंडळे आहेत, पखवाज आणि एकतारी घडवणारे हात आहेत. बाहेरून कुणी कौतुक करायला येईल, तेव्हा येईल. घरातल्या एखाद्या मुलाला त्या कारागिराशेजारी नेऊन बसवणे मात्र आजही आपल्याला जमण्यासारखे आहे.