हे शिकून होणार कोण?

शैक्षणिक कर्जाचा अर्ज घेऊन आलेला विद्यार्थी 'नगरनियोजन' हा विषय सांगतो, तेव्हा सोबत आलेल्या पालकांचा प्रश्न ठरलेला असतो : "हे शिकून हा होणार कोण?" प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही.

राजधानीत या विद्येची परंपरा जुनी आहे. १९५५ मध्ये नगर व ग्राम नियोजनाचे स्वतंत्र विद्यालय येथे निघाले आणि १९५९ मध्ये ते वास्तुविद्येच्या शिक्षणाशी जोडले जाऊन 'स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर' आकारास आले. येथील पदव्युत्तर विद्यार्थी भूवापर, वाहतूक, गृहनिर्माण यांचा सखोल अभ्यास करतात. मात्र पुढे त्यांच्या हाती येतो तो आराखडा. निर्णय इतरत्र होतात.

तेही कोठे होतात, हे सांगणे सोपे नाही. दिल्लीच्या महापौरांची मुदत अवघी एक वर्षाची. शहरातील नाले कोणत्या दिशेने वाहतात हे उमगेपर्यंत हारतुरे कोमेजलेले असतात! नोएडात तर निर्वाचित नगरपालिकाच नाही. कारभार १९७६ साली स्थापन झालेल्या प्राधिकरणाकडे आहे. गुरुग्रामला महानगरपालिका मिळाली ती २००८ मध्ये. नोएडाहून दिल्लीमार्गे गुरुग्रामला नोकरीस जाणारा मनुष्य रोज तीन शासनांच्या हद्दी ओलांडतो. धूर आणि सांडपाणी त्याच्याप्रमाणेच हद्द मानीत नाहीत.

म्हणून भावी नगरनेत्यांच्या शिक्षणात नकाशाइतकेच महत्त्व जमाखर्चास असावे, असे आम्हास वाटते. गाझियाबाद महानगरपालिकेने २०२१ मध्ये सांडपाण्याच्या शुद्धीकरणासाठी १५० कोटी रुपयांचे हरित कर्जरोखे काढले. त्याआधी २०१७ मध्ये पुण्याने पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटी उभारले होते. अशा रोख्यांसाठी स्वच्छ लेखे, पतमानांकन आणि परतफेडीची शिस्त लागते. ही शिस्त सभागृहात बसणाऱ्यांना उमजली नाही, तर अधिकाऱ्यांची सारी विद्वत्ता फायलीतच राहते.

दिल्ली महानगरपालिकेत २५० नगरसेवक असून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. पहिल्यांदाच निवडून आलेल्या नगरसेविकेला अंदाजपत्रकाचा जाडजूड ग्रंथ मिळतो. तो वाचावा कसा, हे शिकण्यासाठी तिने दोन वर्षे महाविद्यालयात जावे अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. विद्यापीठांनीच शनिवार-रविवारचे वर्ग भरवून तिला पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या शेजारी बसवावे. त्या विद्यार्थ्यांनीही एक सत्र तिच्या प्रभागात काढावे : सकाळी नळावर, दुपारी कर विभागात.