मुलीचे अभ्यासात लक्ष नाही? रागावण्याआधी हिमोग्लोबिन तपासा

‘आळशी झाली आहे’, ‘मोबाइलमुळे लक्ष उडाले आहे’, ‘पाठ केलेले लगेच विसरते’... आठवी-नववीतल्या मुलींबद्दल पालकसभेत अशा तक्रारी नेहमी ऐकू येतात. यातल्या अनेकींची अडचण मोबाइलमध्ये नसून रक्तात असू शकते. ॲनिमिया म्हणजेच रक्तक्षय आणि अभ्यास यांचा संबंध काय, ते समजून घेऊ.

प्रमाण किती?

बारा वर्षांवरील मुलीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो ॲनिमिया. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते १९ वयोगटात असा ॲनिमिया असलेल्या मुली २०१५-१६ मध्ये ५४.१ टक्के होत्या. २०१९-२१ मध्ये त्या ५९.१ टक्के झाल्या. याच वयाच्या मुलग्यांत हे प्रमाण ३१.१ टक्के आहे. म्हणजे मुलींचे प्रमाण जवळपास दुप्पट.

मुलींमध्येच जास्त का?

याच वयात उंची झपाट्याने वाढते आणि पाळीही सुरू होते. लोहाची गरज दोन्ही बाजूंनी वाढते, ताट मात्र तेच राहते. त्यात जेवणानंतर लगेच चहा, पोटातले जंत आणि अनेक घरांत ‘आधी सगळ्यांचे होऊ दे’ म्हणत शेवटी जेवण्याची सवय. आहारात लोह कमी आणि जे आहे तेही अंगी लागत नाही, अशी स्थिती होते.

अभ्यासाशी संबंध काय?

हिमोग्लोबिन शरीरभर ऑक्सिजन पोहोचवते. ते कमी झाले की थकवा, धाप, डोकेदुखी सुरू होते. शिवाय मेंदूतील पेशींना ऊर्जेसाठी आणि लक्ष एकाग्र करणारी डोपामिनसारखी रसायने तयार करण्यासाठीही लोह लागते.

याचा एक पुरावा महाराष्ट्रातलाच आहे. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात १२ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना सहा महिने जास्त लोह असलेल्या बाजरीची भाकरी देण्यात आली, तर दुसऱ्या गटाला साध्या बाजरीची. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटाची एकाग्रता आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांतील कामगिरी अधिक सुधारली. अर्थात, लोह मिळाले की गुण वाढतीलच असे नाही. गुण शिकवणी, घर, झोप अशा अनेक गोष्टींवर ठरतात. पण वर्गात लक्षच लागत नसेल, तर चांगले शिकवलेलेही वाया जाते.

शाळेत गोळी मिळते, मग अडते कुठे?

सरकारी आणि अनुदानित शाळांत सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदा लोह आणि फॉलिक ॲसिडची निळी गोळी देण्याची योजना आहे. सोबत वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी. पण गैरहजेरी आणि सुट्टीत खंड पडतो. रिकाम्या पोटी घेतल्यास मळमळते, शौचाचा रंग काळा होतो आणि घाबरून गोळी थेट दप्तराच्या कप्प्यात जाते. रंग बदलणे निरुपद्रवी आहे, हे कुणीतरी मुलीला आणि तिच्या आईला सांगायला हवे.

घरी काय करता येईल?

- गोळी जेवणानंतर घ्यावी. जेवण आणि गोळीनंतर किमान तासभर चहा नको.
- मोड आलेली कडधान्ये, पालेभाज्या, बाजरी यांच्यासोबत लिंबू, आवळा किंवा पेरू द्यावा. चालत असेल तर मासे, मटण.
- बाळंतिणीसाठी राखलेले हळिवाचे लाडू वयात येणाऱ्या मुलीलाही द्यावेत.
- हिमोग्लोबिन कमी निघाल्यास केवळ आहारावर विसंबू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचार घ्यावेत. बी-१२ ची कमतरता किंवा विदर्भ, नंदुरबारसारख्या भागांत आढळणारा सिकलसेल ही कारणेही असू शकतात.

खरी गरज कशाची?

किती गोळ्या वाटल्या, याचा हिशेब ठेवला जातो. हिमोग्लोबिन किती वाढले, हा हिशेबही तितकाच महत्त्वाचा आहे. शाळांमध्ये आरोग्य तपासणीची पथके येतातच. त्या वेळी प्रत्येक मुलीचे हिमोग्लोबिन मोजून प्रगतिपुस्तकात उंची-वजनाशेजारी त्याची नोंद करावी आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. गणितात कमी गुण पडले की पालकांना बोलावले जाते. हिमोग्लोबिन नऊवर आले, तरीही बोलावले पाहिजे.