कमावले नाही, म्हणून हक्क नाही?

कारखान्यात काम करताना ज्याचा हात गेला, त्याला कर्मचारी विम्यातून पैसे मिळतात आणि तो त्याचा हक्क आहे हे आपण मान्य करतो. जन्मतःच ज्याला हात नाही, ज्याने कधी पगार घेतला नाही, त्याला मात्र 'निराधार' म्हणून अनुदान मिळते आणि ते त्याच्यावरचे उपकार ठरतात. पोट दोघांनाही आहे. तरीही एकाचा हक्क आणि दुसऱ्यावर उपकार, हा भेद आपण इतका पचवला आहे की त्यातला अन्याय आपल्याला दिसतही नाही.

महाराष्ट्रात १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. आजवर किती कमावलेस, असे ती विचारत नाही, हे तिचे मोठेपण. पण घरचे किती कमावतात, हे ती विचारते. ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला हातात असला तरी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत हवे, म्हणजे महिन्याला जेमतेम चार हजार. नवरा-बायको दोघे वर्षभर मजुरीला गेले तरी ही मर्यादा ओलांडली जाते. मग खरे उत्पन्न सांगणाऱ्या बापाच्या मुलाचा अर्ज फेटाळला जातो, आणि उत्पन्न कमी दाखवून दाखला काढणाऱ्याचा मंजूर होतो. गरिबाला खोटे बोलायला लावणारा नियम आपण किती वर्षे चालवणार आहोत?

तीस वर्षांचा अंध तरुण सज्ञान आहे, मतदार आहे. तरी त्याची गरज मोजायची ती भावाच्या मजुरीवरून! भाऊ वेगळा निघाला, वहिनीचे पटले नाही, बाप थकला, तर त्या तरुणाचे काय होते हे कुठल्याच रकान्यात येत नाही.

केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन योजना याहून कठोर आहे. दिव्यांगत्व ८० टक्के हवे, कुटुंब दारिद्र्यरेषेखालचे हवे आणि केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये. २०१२ पासून तो तिथेच आहे. या काळात डाळ, तेल, एसटीचे भाडे कुठल्या कुठे गेले. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्यातले २४ वे कलम सांगते की दिव्यांगांना इतरांच्या तशाच योजनांपेक्षा किमान २५ टक्के जास्त मदत द्यावी. तरीही २०२३ साली राज्याने अनुदान वाढवले, तेव्हा दिव्यांगांनाही इतरांइतकेच १५०० रुपये ठरले. २०२५ साली दिव्यांगांची रक्कम अडीच हजारांवर नेण्याचा निर्णय झाला, तोही दिव्यांगांनी रस्त्यावर उतरून, उपोषणे करून मागितल्यावर.

सरकारला दोष देऊन आपल्याला मात्र सुटता येणार नाही. या माणसांच्या हाताला काम का नव्हते? २०११ च्या जनगणनेत काम करणाऱ्या दिव्यांगांचे प्रमाण सुमारे ३६ टक्के भरले. बायकांमध्ये ते त्याहून पुष्कळ कमी. "याला शाळेत कोण सांभाळणार?" म्हणत प्रवेश नाकारणारे गुरुजी आपल्यातलेच. पाहुणे आले की बहिरी मुलगी आतल्या खोलीत ठेवणारे आईबाप आपल्यातलेच, कारण धाकटीचे लग्न अडेल ही भीती. तीच मुलगी घरात पहाटेपासून भांडी घासते, भाकऱ्या थापते, भावाची पोरे सांभाळते. आणि अर्जावर तिच्यापुढे लिहिले जाते : काही करत नाही. आधी दारे आपण लावली, आणि आता तीच माणसे ओझे झाली असे म्हणतो. हे पाप आहे, आणि ते आपल्या सर्वांच्या माथी आहे.

अनुदान मिळू लागले तरी पासबुक कोणाकडे असते, ते आपापल्या घरात पाहा. अनेक घरांत ते भावाच्या कपाटात असते. बँकेत अंगठा उमटवायला तेवढे त्या माणसाला गाडीवर बसवून नेतात आणि पैसे परस्पर खर्च होतात. त्याला हातखर्चाला शंभर रुपये मागावे लागतात, तेही स्वतःच्याच पैशांतून.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. गावच्या जत्रेची वर्गणी कोणी दिली नाही, हे आपल्याला तोंडपाठ असते; हा निधी कुठे गेला, हे ग्रामसभेत कोणी विचारत नाही. पुढच्या ग्रामसभेत उभे राहा आणि सरपंचांकडे मागच्या तीन वर्षांचा हिशोब मागा. आणि सभा मंदिराच्या पायऱ्या चढून वरच्या सभामंडपात भरत असेल, तर आधी ती खाली अंगणात घ्यायला लावा. ज्यांच्या पैशांचा हिशोब आहे, ते तिथे हजर असले पाहिजेत.